जीएनएमला ॲडमिशन घेताय? बिल्डिंग सोडा, पेशंट मोजा

खान्देशातल्याच एका प्रायव्हेट नर्सिंग कॉलेजातून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलंय, पूर्ण 3 वर्षं. नाव टाकत नाही कारण चुलतबहीण अजून तिथेच सेकंड इयरला आहे. पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातले दोन कॉलेजचे नाहीतच, सिव्हिल हॉस्पिटलचे आहेत.

ॲडमिशनला पप्पांना चकाचक माहितीपत्रक दाखवलं, "स्वतःचं 100 खाटांचं हॉस्पिटल". नियमच आहे तसा. पप्पांनी कापूस विकून फी भरली. गेल्यावर बघतो तर खाटा आहेत, पेशंटच नाहीत! इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र वॉर्ड फुल्ल, आणि दोन नंबरच्या खाटेवर आमच्या मेसच्या मावशी हाताला चिकटपट्टी लावून झोपलेल्या, मला बघून डोळा मारला. लॅबमधल्या पुतळ्याचा एक हात निखळलेला.

शिकलो ते सगळं सिव्हिलच्या पोस्टिंगला. केसबुकात डिलिव्हरी भरायच्या असतात, बऱ्याच मुली सिनियरच्या वहीतून उतरवतात, पण तिथल्या सिस्टरनी आम्हाला शेजारी उभं राहून करायला लावल्या. माझी पहिली बाई धडगावकडची, तिला मराठी येईना आणि मला तिची पावरी बोली येईना, शेवटी तिची सासू दारातून ओरडून सांगायची तेव्हा कुठे ती जोर लावायची. आणि एका आजीला इंजेक्शन द्यायला गेले तर म्हणे, "हळू दे ना व माय, तुना हात थरथरी ऱ्हायना." खरंच थरथरत होता.

आता राग कशाचा ते सांगते. ओरिजिनल कागद कॉलेज ठेवून घेतं आणि सुटताना मोडतोडीच्या नावाखाली पैसे मागतं. अहो तो पुतळा आमच्या आधीपासून मोडका आहे! त्या भानगडीत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लांबलं, आणि रजिस्ट्रेशन नाही म्हणून एका भरतीचा फॉर्म गेला. कागद दिले तर पोच घ्या, झेरॉक्स पाच-सहा काढून ठेवा.

पुढचं पण आत्ताच बघा. बारावी आर्ट्स असेल तरी जीएनएम होतं, बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, 4 वर्षं, वर सीईटी. जीएनएम झाल्यावर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सभरतीच्या परीक्षेला, जीएनएमवाल्यांकडे किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला 2 वर्षांचा अनुभव पाहिजे. हे मला कोणी सांगितलंच नाही, घराजवळ म्हणून 15 खाटांच्या दवाखान्यात सहा महिने काढले, ते सगळे वाया. आणि मुलांनो, नॉरसेटमध्ये तुमच्यासाठी 20 टक्केच जागा आहेत, ते धरून तयारी करा.

कॉलेज बघायला जाल तर मंगळवार-बुधवारी न सांगता जा आणि सरळ वॉर्डात शिरा. ऑफिसात चहा देतील, तो नंतर प्या.

मेस विचाराल तर वरणात डाळ शोधावी लागते. मावशी चांगल्या आहेत पण.