ग्वातापेच्या धक्क्यावर खरी नोट खोटी होते

कोलंबियात मेदेयीनला गेलात की ग्वातापेला जाणं होणारच, आणि जावंच. फक्त तिथल्या बोटीच्या धक्क्यावर माझ्या आई-बाबांच्या बाबतीत काय घडलं ते आधी वाचा. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण बाबांसारख्या माणसाला चारचौघांत खोट्या नोटा चालवणारा ठरवलं गेलं, याचा मला अजून संताप येतो.

मेदेयीनच्या उत्तर बसस्थानकावरून बस मिळते, दोनेक तास लागतात. बहुतेक लोक आधी पेन्योलच्या खडकापाशी उतरतात. दोनशे मीटरहून उंच असा तो एकसंध कातळ, त्याच्या भेगेत नागमोडी जिना, आणि पायऱ्या सातशेच्या आसपास. गाव समुद्रसपाटीपासून जवळपास एकोणीसशे मीटरवर असल्यामुळे आपल्याला धाप लवकर लागते. वरून दिसणारं बेटांनी भरलेलं पाणी म्हणजे धरणाचा जलाशय. 1970च्या दशकात वीजनिर्मितीसाठी तो भरला आणि जुनं पेन्योल गाव पाण्याखाली गेलं. माणसं नव्या गावठाणात हलवली गेली. आमच्याकडे कोयनेच्या शिवसागरात गावं गेलेली माणसं नात्यात आहेत, त्यामुळे आई बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभी होती.

खाली उतरल्यावर सजवलेली तीनचाकी करून गावात आलो. घरांच्या भिंतींच्या खालच्या भागावर रंगवलेली उठावाची चित्रं आहेत. त्यांना तिकडे सोकालो म्हणतात. मेंढ्या, शेतकरी, फुलं, दुकानात काय मिळतं त्याची चित्रं. गल्ली न् गल्ली बघण्यासारखी आहे. पण पाय बोलायला लागले होते, बसून काहीतरी बघावं म्हणून आम्ही धक्क्याकडे वळलो. ठग नेमके याच वेळेला माणसं गाठतात.

चमकदार पट्ट्यांचं जाकीट घातलेला, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला नकाशा धरलेला माणूस समोर आला. बोट आत्ता सुटतेय, शेवटच्या जागा उरल्यात, कुख्यात ड्रगमाफिया पाब्लो एस्कोबारच्या ‘ला मानुएला’ बंगल्यावर उतरवून आत फिरवतो म्हणाला. मुलीच्या नावाने बांधलेला हा बंगला 1993 मध्ये एस्कोबारच्या शत्रूंनी बॉम्ब लावून उडवला होता, त्याचे अवशेष काठावर आहेत. ज्या माणसाने हजारोंचे जीव घेतले त्याचं घर असं मिरवून विकणं मला पटत नाही, पण धक्क्यावर हा माल खपतो.

बाबांनी एक लाख पेसोची नोट दिली. आपले साधारण दोन हजार रुपये. त्याने ती नकाशाखाली धरली, उजेडात बघतो असं दाखवत पाठ वळवली आणि लगेच वळून मान हलवली: ‘फाल्सो’, म्हणजे खोटी. नोट परत दिली. बाबांनी दुसरी काढली. पुन्हा तेच. आता त्याचा आवाज चढला होता, मागे उभे असलेले लोक बघायला लागले होते, बोटीचा भोंगा वाजत होता. बाबा गोरेमोरे झाले, आईने पटकन वीस हजाराच्या नोटा मोजून दिल्या. त्या मात्र त्याला चालल्या. बोट कुठेही उतरवणारी नव्हती, लांबून अवशेष दाखवून परत आली. तोवर तो माणूस तिथून नाहीसा झाला होता.

उलगडा झाला तो कॉफीच्या दुकानात. गल्ल्यावरच्या बाईंनी नोट अंगठ्याने चोळली आणि स्वतःची एक शेजारी ठेवली. खऱ्या नोटेची छपाई बोटाला खरखरीत लागते, जलचिन्ह उजेडाकडे धरल्यावरच दिसतं, सुरक्षा पट्टीचा रंग नोट तिरकी केली की बदलतो. आमच्या हातातली गुळगुळीत होती आणि तिचं जलचिन्ह टेबलावरच करड्या शाईत दिसत होतं. मग त्यांनी आमच्या दोन्ही नोटांचे क्रमांक दाखवले. दोन्हींवर एकच क्रमांक! बाबांनी सकाळी बँकेच्या एटीएममधून काढलेल्या दोन खऱ्या नोटा त्याच्या खिशात गेल्या होत्या आणि त्याच्या दोन खोट्या आमच्याकडे आल्या होत्या. या हातचलाखीला तिकडे ‘काम्बियासो’ म्हणतात आणि ती टॅक्सीतही चालते.

म्हणून सांगते, लाखाची आणि पन्नास हजाराची नोट धक्क्यावर, टॅक्सीत, हातगाडीवर काढूच नका. एटीएम बहुतेकदा मोठ्या नोटा देतं, त्या सुपरमार्केटमध्ये किंवा हॉटेलात मोडून घ्या. जुन्या नोटांवर सगळी शून्यं छापलेली असतात, नव्या नोटांवर तीन शून्यांच्या जागी ‘मिल’, म्हणजे हजार, असतं. आपल्या डोळ्यांना सवय नसल्याने घाईत गोंधळ होतो आणि घाई करायला लावणं हेच त्यांचं काम असतं. आपलं यूपीआय तिथे चालत नाही, तेव्हा रोख लागणारच. मोठी नोट द्यायचीच वेळ आली तर शेवटचे तीन आकडे मोठ्याने वाचून मग द्या. पुढे मेदेयीनमध्ये बाबांनी टॅक्सीवाल्यासमोर हेच केलं. त्याने आधी हात पुढे केला होता, मग म्हणाला, सुट्टे असतील तर सुट्टेच द्या.

कोणी ‘फाल्सो’ म्हणालं तर दुसरी नोट काढू नका, पोलिसांना बोलवा म्हणा. आणीबाणीचा क्रमांक 123 आहे. बोटीचं तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर घ्या, आणि बोट उतरवते की नुसती फिरवते ते तिथेच विचारा.

खोटी नोट हातात आली तर ती पुढे कुणाच्या गळ्यात मारू नका. तो तिथेही गुन्हा आहे, आणि ती नोट शेवटी कॉफीवाल्या बाईंसारख्याच कुणाच्या तरी गल्ल्यात जाऊन पडणार. आमच्या दोन्ही आम्ही चौकातल्या पोलिसांकडे दिल्या. त्यांनी जाकिटाचं आणि नकाशाचं वर्णन लिहून घेतलं. भरपाई अर्थातच मिळाली नाही.

एक राहिलं. रविवारी परतीच्या बसेस भरून जातात, आणि संध्याकाळी ‘बस संपल्या’ सांगून गाडी गळ्यात मारणारेही भेटतात. गावात पोचल्या पोचल्या बस कंपनीच्या खिडकीवरून परतीचं तिकीट काढून ठेवा.