हिरव्या डागावर ‘फुकट रिफिल’

दिराच्या लग्नासाठी मी पहिल्यांदाच ॲक्रिलिकची नखं लावून घेतली. पार्लरमध्ये दोन दर होते: साधा, आणि ५०० रुपये जास्तीचा ‘स्टराइल किट’वाला, म्हणजे निर्जंतुक हत्यारांचा. मी जास्तीचे पैसे भरले. मुलीने माझ्यासमोर कागदी पाकीट उघडून हत्यारं काढली, मला बरं वाटलं. त्या पाकिटावर एक खूण असते, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, वाफेत तिचा रंग बदलतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! त्या पाकिटाला स्टेपलरची पिन होती, म्हणजे ते सीलबंद नव्हतंच, एवढं मात्र पक्कं आठवतं. नखं घासायचे फायलर आणि बफर तर उघड्या डब्यातलेच. ते नीट निर्जंतुक करता येत नाहीत, दर गिऱ्हाइकाला नवेच काढायला हवेत.

दहाव्या दिवशी उजव्या अंगठ्यावरचं ॲक्रिलिकचं नख मुळाशी किंचित सुटलं. लग्नाचं घर, हात सतत पाण्यात. त्या फटीत हिरवट डाग दिसल्यावर मी तडक पार्लर गाठलं. मालकीणबाई म्हणाल्या, “ताई, ओलाव्याचा डाग आहे, काही होत नाही. रिफिल फुकट करून देते.” आणि डागावरच नवा थर चढवला. काम झाल्यावर मुलीला मात्र हळूच म्हणाल्या, “तो फायलर टाकून दे.” म्हणजे त्यांना कळत होतं. ५०० रुपयांपेक्षा हे मला जास्त लागलं.

आठवड्यात अंगठा ठणकू लागला, कडेला नखुरडं झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू. ओलसर, बंद फटीत वाढतो, हिरवा रंग त्याचाच. वरचं नख काढायचं आणि खालचं कोरडं ठेवायचं, हा पहिला उपचार. झाकलं की तो आत वाढतच राहतो.

म्हणून सांगते, नख जरा जरी सुटलं तर वर डिंक किंवा थर लावू देऊ नका, काढूनच टाका. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापू देऊ नका, जंतूंना अडवणारी कड तीच. पाकिटावरची खूण स्वतः बघा.

पैसे परत मागायला गेले, तर बिलावर नुसतं ‘नेल सर्व्हिस’. ‘स्टराइल किट’चा उल्लेखच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करायची तर दाखवणार काय? तुम्ही ते शब्द बिलावर लिहून घ्या.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. माझं अजून निम्मंच आलं आहे.