रॅलीसाठी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार: ऑस्टिन-हीली 3000 की ट्रायम्फ टीआर3ए?

रॅलीच्या इतिहासात नाव मोठं ऑस्टिन-हीली 3000 चं. 1960 ची लिएज-रोम-लिएज रॅली पॅट मॉस आणि अॅन विस्डम यांनी हीलीतून जिंकून दाखवली. 1961 आणि 1962 ची आल्पाइन रॅली मॉर्ली बंधूंनी हीलीतच मारली. 1964 ची स्पा-सोफिया-लिएज आल्टोनेन आणि अॅम्ब्रोज यांनी. ट्रायम्फच्या खात्यात त्या मानाने कमी गाजलेले पराक्रम आहेत, पण 1954 ची ब्रिटनमधली आरएसी रॅली टीआर2 ने जिंकली होती, आणि टीआर3ए तिचीच धाकटी बहीण. तरीही जुन्या गाड्यांच्या रॅलीत स्वतः गाडी चालवायची असेल तर आमचा कौल टीआर3ए ला.

कारण सोपं आहे. कारखान्याची (म्हणजे कंपनीच्या रॅली संघाची) हीली आणि शोरूममधली हीली या दोन वेगळ्या गाड्या होत्या. रॅलीच्या गाड्यांना अॅल्युमिनियमचे पत्रे, तीन वेबर कार्ब्युरेटर आणि बाजूने बाहेर काढलेला सायलेन्सर असे. हा शेवटचा बदल शोभेसाठी नव्हता. साध्या हीलीचा पोटाखालचा भाग जमिनीपासून जेमतेम 11 सेंटीमीटर, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर सर्वात आधी सायलेन्सर घासतो आणि तुटतो. टीआर3ए ला 15 सेंटीमीटर मिळतात. हीलीच हवी असेल तर 1964 नंतरची बीजे8 (म्हणजे 3000 ची मार्क 3 आवृत्ती) बघा. तिच्यात मागच्या अॅक्सलला वर-खाली व्हायला जास्त जागा दिली आहे.

महामार्गावर मात्र हीलीला तोड नाही. 2912 सीसीचं सहा सिलिंडरांचं इंजिन, मार्क 3 मध्ये सुमारे 150 अश्वशक्ती. वरच्या गिअरला ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) टाकला की गाडी निवांत पळते. पायांशी उष्णता इतकी साचते की उन्हाळ्यात बूट तापतात. टीआर3ए चं 1991 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन 100 अश्वशक्तीचं, आवाज रांगडा. पण पुढे डिस्क ब्रेक आहेतच.

दुरुस्तीत खरा फरक पडतो. टीआरचे सिलिंडर लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या) सुटे असतात, त्यामुळे इंजिन गाडीत ठेवूनही नवे लायनर-पिस्टन बसवता येतात. लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा 0.08 ते 0.13 मिलिमीटर वर राहायला हवेत. कमी राहिले तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलबंद करणारी चकती) धड दबत नाही आणि फुटतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे हेड काढल्यावर लायनर वॉशर-बोल्टने दाबून न ठेवता क्रँक फिरवणं. पिस्टनबरोबर लायनर उचलला जातो, तळाचं गॅस्केट सरकतं आणि पाणी थेट तेलात उतरतं. चेंबरमधलं तेल चहासारखं दुधाळ दिसलं की समजावं.

हीलीचं दुखणं वेगळं, ते शरीरात. पुढचं-मागचं आवरण अॅल्युमिनियमचं आणि पंख (चाकांवरचे मडगार्ड) पोलादी. जिथे दोन्ही भेटतात तिथे ओलाव्यात गंज पकडतो, वरचा रंग फुगतो. शिवाय बॉडी चासीला वेल्ड केलेली, म्हणजे सिल (दरवाजाखालची पत्र्याची पट्टी) कुजली की चासीही सैल. दरवाजाच्या फटी बघा: वरची फट खालच्यापेक्षा अरुंद असेल तर चासी मधोमध खचलेली आहे. मग गाडी कडेने जॅकवर घेऊन तोच दरवाजा पुन्हा उघडा-बंद करून बघा. आता घासत असेल तर खर्चाचा आकडा मोठा. टीआरची बॉडी बोल्टने बसवलेली असल्याने ती उतरवून चासी स्वतंत्रपणे दुरुस्त करता येते. किमतीतही सारख्या अवस्थेतली टीआर बरीच स्वस्त.

दोन्हींवर तारांची चाकं असतील तर मागचं चाक उचला, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हाताने पुढे-मागे हलवा. खट्ट आवाज आला तर हबच्या (ज्यावर चाक बसतं त्या भागाच्या) खाचा झिजल्या आहेत. नुसतं चाक बदलून भागत नाही, हबही बदलावा लागतो.

आणि कोणी ‘ही कारखान्याची रॅली गाडी’ म्हणून हीली विकत असेल, तर आधी गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज प्रमाणपत्र मागा आणि चासी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून घ्या. बाजूच्या सायलेन्सरवर आणि पंखातल्या जाळीवर विश्वास ठेवू नका, त्या कोणालाही बसवता येतात.