यूकेचं स्थळ की कॅनडाचं? पोरीच्या कागदांच्या बाजूनं बघू

फैजपूरला माझ्या मावसबहिणीला सध्या दोन स्थळं आलीत, दोन्ही पोरं आपल्याच लेवा पाटील समाजातली, एक यूकेचा नागरिक, दुसरा कॅनडाचा. घरात चर्चा चालू आहे पगाराची, घर स्वतःचं का भाड्याचं याची, अन आजीचं दोन्ही स्थळांवर एकच, "पोरगी लांब चालली वं माय." मी स्वतः २०२२ ला लग्न करून यूकेला आलेली, म्हणून मला मनापासून वाटतं की तिनं अजून एक गोष्ट विचारलीच पाहिजे, तिथं राहायचा हक्क स्वतःच्या नावावर कधी होतो, आणि तोवर तो कोणाच्या हातात असतो.

काम करायची परवानगी दोन्हीकडं पोचल्यापासूनच मिळते, त्यात फरक नाही. (फक्त यूकेला साखरपुडा करून फिआन्से व्हिसावर जाऊ नका, तो सहा महिन्यांचा असतो अन त्यावर काम करता येत नाही. कॅनडाला तसला व्हिसाच नाही, लग्न करूनच अर्ज.)

यूकेत मुलाची कमाई बघतात. मी आले तेव्हा वर्षाला १८,६०० पौंडांची अट होती, ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली, आणि भारतातून अर्ज करताना पोरीचा जळगावच्या हॉस्पिटलमधला पगार त्यात धरत नाहीत, म्हणजे तिनं कितीही कमावलं तरी सगळं मुलाच्या पगाराच्या स्लिपांवर. वरून फी १,९०० पौंडांच्या पुढं, हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे) वर्षाला १,०३५ प्रमाणे ३३ महिन्यांच्या व्हिसाला ३,१०५, टीबीची टेस्ट, इंग्रजीचा पुरावा. फी अन सरचार्ज एकदाच नाही, व्हिसा वाढवताना परत, आणि पाच वर्षांनी कायमच्या परवान्याला तिसऱ्यांदा फी. कॅनडात बायकोला स्पॉन्सर करायला बहुतेक वेळा कमाईची ठराविक अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, फी साधारण १,२०० कॅनेडियन डॉलर. तिकडं त्रास म्हणजे वाट बघायचा, वर्षभर धरूनच चाला, तोवर लग्न झालेली पोरगी माहेरीच अन गावातले लोक रोज विचारणार कधी जाते म्हणून.

आता माझा खरा मुद्दा. कॅनडात पोरगी विमानतळावर उतरली की पीआर, म्हणजे कायमची रहिवासी. आधी नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहायची अट होती, ती एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली, त्यामुळं लग्न खरं असेल अन पुढं नाही टिकलं तरी तेवढ्यावरून तिचा पीआर जात नाही. नवऱ्यानं तिचा खर्च उचलायची तीन वर्षांची हमी दिलेली असते, ती पण चालू राहते. यूकेत पाच वर्षं तुमचा व्हिसा नवऱ्यासोबतच्या संसारावरच उभा असतो, संसार मोडला तर व्हिसा जाऊ शकतो. घरात मारहाण, छळ असेल तर कायमच्या परवान्यासाठी थेट अर्ज करता येतो, हे इकडं येणाऱ्या प्रत्येक पोरीला माहीत पाहिजे, पण ज्या बाईला घराबाहेर कोणी ओळखत नाही तिनं हे सगळं शोधायचं कसं? माझा नवरा चांगला आहे, तरी व्हिसा वाढवायच्या वेळी महिनाभर मला झोप नव्हती.

बहीण बीएससी नर्सिंग आहे, तर कामाची परवानगी म्हणजे नर्सची नोकरी नाही हे पण समजून घ्या. यूकेत एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग काउन्सिलची नोंदणी लागते, आधी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा जी भारतातूनच देता येते, शेवटी यूकेत प्रॅक्टिकल. कॅनडात प्रांताप्रांताची वेगळी नोंदणी आणि एनसीएलईएक्स ही नर्सिंगची परीक्षा. नोंदणी होईपर्यंत केअरचं, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घ्यायचं काम करता येतं, पण वर्ष वाया जाऊ द्यायचं नसेल तर अभ्यास भारतातच सुरू करा. या बाबतीत मला यूकेची वाट जास्त सरळ वाटते.

कागदांचं दोन्हीकडं सारखंच, आणि आपल्याकडं गाडी तिथंच अडते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यावर पोरीचं नावच नाही. माझ्या वेळी एका एजंटनं फॉर्मवर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकलं अन चार महिने गेले. लग्नाची नोंदणी लगेच करा, साखरपुड्याचे फोटो, पत्रिका, व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा, कारण ठरवून केलेलं लग्न पण खरं आहे हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

नुसत्या कागदांवर बघितलं तर मी कॅनडा म्हणेन. पण मावशीला सांगितलंय, येत्या रविवारी दोघांशी बोलणं आहे तेव्हा यूकेवाल्याला सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागा, त्यात लाजायचं काही नाही, आणि कॅनडावाल्याला विचारा कुठल्या प्रांतात राहतो, क्यूबेक म्हणाला तर तिथं प्रांताची वेगळी प्रक्रिया आहे अन नर्स व्हायला फ्रेंच लागते.