जुन्या बुलेटचं मिसिंग: पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं?

कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिन नीट पेटेनासं झालं, की आपल्याकडे मेकॅनिकचं पहिलं वाक्य ठरलेलं असते, पॉइंट काढा न् इलेक्ट्रॉनिक किट टाका. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचे, उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे दोन छोटे संपर्क, आणि किट म्हणजे तेच काम करणारी बंद डबी. माझ्या ३५० वर मी दोन्ही वापरून झालो. गाव परतवाड्याच्या बाजूला, संत्र्याचा बगीचा, गाडी एकीकडे अमरावतीले जाते आणि दुसरीकडे मेळघाटातल्या सेमाडोह-हरिसालवरून धारणीले, तर जे लिहून राहिलो ते ह्या रस्त्यांवरचं आहे. शहरात मेकॅनिक कोपऱ्यावर असतो त्यामुळे तिथल्या माणसाला कदाचित वेगळं वाटेल, वाटू द्या.

पण पैसे घालायच्या आधी मिसिंग करंटचं आहे की पेट्रोलचं ते पाहून घ्या राजेहो. करंटचं मिसिंग एकदम येते, मधातच ठोका चुकतो न् सायलेन्सरमधून फटाका होतो. पेट्रोलचं हळूहळू येते, गाडी घुसमटते, ओढत नाही. अर्धा चोक ओढल्यावर बरी चालली तर कुठून तरी जास्त हवा घेते किंवा पेट्रोल सोडणारा जेट चोंदला, मग इंजिन स्लोवर चालू ठेवून कार्बोरेटर न् इंजिनाच्या मधल्या नळीच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या, जोडावर ऑइलचे थेंब सोडा, आवाज बदलला की चोर सापडला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते, पावसाळ्यात गाडी उभी राहिली की ते पाणी ओढते, म्हणून कार्बोरेटरची खालची वाटी एकदा काढून पाहाच. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडची ढील, थंड इंजिनावर पाहायची, पुशरॉड बोटानं फिरला पाहिजे पण वरखाली हलायला नको. एवढं सगळं ठीक असून मिसिंग राहिलं तरच पुढचं वाचा.

किटच्या बाजूनं आधी बोलतो, कारण ते खरंच चांगलं चालते. हिवाळ्यात सकाळी किक लागते, स्लो एकसारखा बसतो, महिनोन्‌महिने झाकण उघडायची गरज नाही. आणि एक गोष्ट अशी की तुमच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट डगडग करत असेल, तो ज्यात फिरतो ते बुश खाल्लं गेलं असेल, तर पॉइंटचा गॅप कितीही सेट करा, तो दर फेऱ्याला बदलणारच, आणि तुम्ही विनाकारण कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसाल. किटला त्या डगडगीचा त्रास कमी होतो. फक्त काही किटमध्ये वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा ऑटो अ‍ॅडव्हान्स जुनाच राहतो, त्याच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर स्लो वरखाली होतच राहील, दुकानदार हे सांगत नाहीत. आणि बॅटरी कमजोर असली की किट आधी रुसते, पॉइंट तेवढ्या कमी करंटवरही पुष्कळदा निभावून नेतात.

पॉइंटचं रडगाणं सगळ्यांना माहीत आहे. घासतात, जळतात, कॅमवर ग्रीसचा थेंब नसला की फायबरची टाच झिजते, गॅप मिटत जातो, टायमिंग मागे पडते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, मग इंजिन तापते न् ओढ जाते. दोन-तीन हजार किलोमीटरला झाकण उघडावंच लागते. मला त्याचा कंटाळा यायचा, म्हणूनच किट बसवलं होतं.

आता ज्या गोष्टीनं माझा निकाल लावला ती सांगतो. मे महिना, सेमाडोहच्या अलीकडे, दुपारची वेळ, गाडी बंद. फटाका नाही, झटका नाही, चालता चालता जसं कोणी चावी फिरवली. प्लग काढून पाहिला तर करंट गायब. सागाच्या सावलीत बसलो, मोबाइलला टॉवर नाही, अर्ध्या तासानं किक मारली तर पहिल्या किकमध्ये चालू. परतवाड्याला दाखवली. "भाऊ, गाडीत काहीच नाही, चोख चालून राहिली," मेकॅनिक म्हणे, आणि त्याचं खोटं नव्हतं, त्याच्या दुकानात ती चोखच चालायची. कॉइल बदलली, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, आणि पुन्हा ऊन तापलं की रस्त्यात तेच. शेवटी एकदा बंद पडली तेव्हा पाण्याची बाटली गमछावर ओतली आणि तो ओला गमछा किटच्या डबीवर गुंडाळला, थोड्या वेळात करंट आला. म्हणजे आजार त्या डबीत. पण डबीत काळी लाख ओतलेली, उघडता येत नाही, तपासता येत नाही, फक्त फेकता येते. ज्या मिसिंगचं कारणच डोळ्याला दिसत नाही त्याचा मला फार जाच झाला, गाडी घेऊन निघताना मनात धाकधूक राहायची आणि बुलेट चालवायची मजा तिथंच संपते.

पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सरही गरम झाला की असाच दगा देते हे मान्य, आणि बुलेटमध्ये तो डिस्ट्रिब्युटरच्या आतच तापत बसतो. पण तो दगा देताना सांगून देते. झाकण उघडून पाहा, पॉइंटवर मोठी ठिणगी उडताना दिसते, दोन्ही तोंडं काळी-निळी पडलेली, एकावर टेंगूळ तर दुसऱ्यावर खड्डा. नवा लावला की काम झालं, आणि चारचाकीच्या पॉइंटवाल्या इंजिनाचा कंडेन्सर बाहेर टाकीखाली, हवेच्या जागी जोडला तर उन्हाळ्यात पुष्कळ फरक पडते. किटचा हिशेब हजारात, पॉइंट-कंडेन्सरचा शेकड्यात.

शिवाय पॉइंटवाल्या बुलेटीत तपासायची सोय कंपनीनंच हँडलजवळ लावून दिली आहे, तो अँपिअरचा काटा. चावी लावा, डिकॉम्प, म्हणजे सिलिंडरचा दाब सोडणारा लिव्हर, दाबून किक हातानं हळू खाली न्या, पॉइंट बंद झाले की काटा मायनसकडे जाते, उघडले की मधात येते. काटा हललाच नाही तर पॉइंटवर कचरा किंवा वायर तुटलेली, मधात आलाच नाही तर कुठंतरी वायर बॉडीला टेकून अर्थ (शॉर्ट) झाला. एक पाना न लावता अर्धा आजार समजला. किट बसवल्यावर काटा असा भरवशानं बोलत नाही. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, टायमिंग पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिमी आधी, आणि पॉइंट नेमके कुठं उघडतात ते पाहायला बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद पुरते, कागद सुटला की पॉइंट उघडले.

तरी माझं म्हणणं सगळ्यांसाठी नाही. तुम्ही रोज डांबरीवरून तालुक्याला जाता-येता, झाकण उघडायचा छंद नाही, शाफ्ट डगडगतो आणि तो रिबुश करायचा नाही, तर किट टाका, सुखी राहाल. पण गाडी मेळघाटात, शेतात, उन्हात न्यायची असेल तर मी तरी शाफ्टचं बुश नवं करून पॉइंटवरच राहीन, आणि राहिलोच आहे.

किट घेतलंच तर जुनी पॉइंटची प्लेट भंगारात देऊ नका. काढायच्या आधी प्लेट आणि बॉडीवर एकच खूण कोरून ठेवा, आणि ती प्लेट, एक कंडेन्सर, पेचकस न् पॉलिश पेपरचा तुकडा टूलबॉक्समध्ये कापडात बांधून ठेवा. कॉइलची जुनी वायरही कापू नका, टेप मारून मागे सारून द्या.