कला संग्रहालयाचे सार्वजनिक कार्यक्रम: मोठे सोहळे, दालनातील संवाद की दीर्घ भागीदारी?

कला संग्रहालयाच्या सार्वजनिक कार्यक्रमांची सूत्रे नव्याने हाती घेणाऱ्या व्यक्तीपुढे पहिल्या काही आठवड्यांतच एक निर्णय येतो, आणि पुष्कळदा तो कोणी जाणीवपूर्वक घेण्याआधीच दिनदर्शिकेने परस्पर घेऊन टाकलेला असतो. विभागाकडे असलेली माणसे, वेळ आणि पैसा मोठ्या जाहीर सोहळ्यांवर खर्च करायचा, दालनांत छोट्या गटांसोबत चालणाऱ्या संवादावर, की संग्रहालयाबाहेरच्या एखाद्या समूहाशी वर्षानुवर्षे चालणाऱ्या भागीदारीवर, हा तो निर्णय होय. तिन्ही थोडे थोडे करून पाहावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु विभागात तीन-चारच माणसे असतील तर तिन्ही कामे अर्धवट राहतात. त्यामुळे यांपैकी कोणते आधी हाती घ्यावे आणि कोणत्या स्थितीत ते बदलावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

मोठ्या सोहळ्यांची बाजू भक्कम आहे आणि ती आधी मांडणे न्याय्य ठरेल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने 1998 मध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारची संध्याकाळ संगीत, नृत्य आणि विनामूल्य प्रवेशासह खुली केली. बर्लिनमध्ये 1997 पासून रात्री उशिरापर्यंत संग्रहालये उघडी ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक देशांतील शहरांनी तो उचलला. संग्रहालयाची जागा आपल्यासाठी नाही असे मनात धरून बसलेला माणूस एखाद्या व्याख्यानाच्या निमंत्रणाने सहसा येत नाही. मित्रांसोबत, गर्दीचा एक भाग होऊन, कोणाच्या नजरेत न भरता आत शिरण्याची संधी मिळाली तर येतो. उंबरठा ओलांडण्याची ही पहिली पायरी सोहळ्याइतकी सहज दुसरे काही करून देत नाही. शिवाय उपस्थितीचा आकडा आणि छायाचित्रे हाती लागत असल्याने विश्वस्तांना व प्रायोजकांना सोहळ्याचे महत्त्व पटवून देणे सोपे जाते.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. एका संध्याकाळसाठी विभागाचे कित्येक आठवडे खर्ची पडतात. सुरक्षा कर्मचाऱ्यांचे जादा तास, कलाकृतींजवळ खाद्यपेये जाऊ नयेत यासाठीची व्यवस्था आणि गर्दीमुळे बदलणाऱ्या आर्द्रतेविषयी संवर्धन विभागाच्या रास्त शंका, हे सारे त्याच मोजक्या माणसांना सांभाळावे लागते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अशा संध्याकाळी संग्रहातील चित्रे-शिल्पे बहुधा पार्श्वभूमी होऊन राहतात. सोहळ्याला आलेला प्रेक्षक साध्या दिवशी परत आला का, हे विचारण्याची सोय आधीच केलेली नसेल, तर त्या मोठ्या आकड्यातून प्रेक्षकांविषयी फारसे काही समजत नाही.

दालनातील संवादाकडे वळताना एक जुने निरीक्षण ध्यानात ठेवावे लागते. जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील अभ्यासात नामांकित चित्रांसमोर प्रेक्षक सरासरी 27.2 सेकंद थांबत असल्याचे दिसले. मध्यक, म्हणजे निम्मे वेळ ज्याच्या खाली आणि निम्मे वर असतात तो आकडा, तर केवळ 17 सेकंदांचा होता. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सरासरी जवळपास तेवढीच आली. एका चित्रासमोर दहा-पंधरा माणसांना वीस मिनिटे थांबवणारे सत्र या पार्श्वभूमीवर किती वेगळा अनुभव देते, याची कल्पना करता येईल.

हे सत्र घ्यायचे कसे, याविषयी मात्र दोन परंपरा आहेत. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने 1907 मध्ये प्रेक्षकांसोबत दालनात फिरून कलाकृती उलगडून सांगणारे ‘डोसेंट’ नेमले, तेव्हापासून जाणकाराने बोलावे आणि प्रेक्षकांनी ऐकावे ही रीत रुळली. दुसरी परंपरा मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन आणि 1983 ते 1993 या काळात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे शिक्षण विभागप्रमुख असलेले फिलिप येनावाइन यांनी घडवली. त्यांच्या पद्धतीत संवादक मुख्यतः तीन प्रश्नांवर काम करतो: या चित्रात काय चालले आहे, असे म्हणण्यासारखे तुम्हाला काय दिसते, आणि आणखी काय सापडते. प्रत्येक उत्तर तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडतो, बोललेल्या तपशिलाकडे बोट दाखवतो आणि बरोबर-चूक असा निवाडा देत नाही. मुळात हे प्रश्न अतिशय साधे वाटतात. पण ते विचारून झाल्यावर गप्प राहणे हे शिकायला सर्वांत कठीण कौशल्य आहे.

पहिल्यांदा येणाऱ्या गटासाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि ‘मला कलेतले काही कळत नाही’ असे सुरुवातीलाच सांगणाऱ्या प्रौढांसाठी माझी पसंती निःसंशय या दुसऱ्या पद्धतीला आहे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ज्या कलाकृतीचा अर्थ एखाद्या धार्मिक प्रतीकावर, राजकीय प्रसंगावर किंवा हिंसेच्या इतिहासावर अवलंबून आहे, तिथे माहिती राखून ठेवणे प्रेक्षकांवर आणि ज्यांचा तो इतिहास आहे त्यांच्यावरही अन्याय करते. अशा वेळी आधी पाहणे, मग माहिती, आणि माहितीनंतर पुन्हा पाहणे हा क्रम मला अधिक प्रामाणिक वाटतो.

याच संवादाचे एक उल्लेखनीय रूप म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2006 मध्ये सुरू केले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे नातलग यांच्यासाठी, संग्रहालय इतरांना बंद असताना, मोजक्या चित्रांसमोर बसून गप्पा मारण्याचे ते सत्र होते. येथे ‘बसून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बोस्टनच्याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 मध्ये संग्रहालयातील थकव्यावर लिहिताना, मांडणीतल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून वाकणाऱ्या आणि अवघडून उभ्या राहणाऱ्या माणसाची छायाचित्रे छापली होती. प्रेक्षक सहभागाच्या अंदाजपत्रकात घडीच्या खुर्च्यांची तरतूद आजही अनेकदा सापडत नाही, हे मला खरोखर खटकते.

दालनातील संवादाची खरी किंमत माणसांत मोजावी लागते. एका संवादकाकडे दहा-पंधरा प्रेक्षक हे प्रमाण वाढवले की संवादाचे पुन्हा व्याख्यान होते. संवादक स्वयंसेवक असावेत की पगारी, हा प्रश्नही टाळता येत नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने 2021 मध्ये आपली स्वयंसेवी डोसेंटांची योजना थांबवून पगारी शिक्षक नेमण्याचा मार्ग धरला, तेव्हा मोठा वाद झाला. स्वयंसेवकांकडे वर्षानुवर्षांचा अभ्यास आणि जिव्हाळा असतो. पण विनावेतन वेळ देणे ज्यांना परवडते त्यांचाच गट त्यातून तयार होतो, आणि शाळांतून येणाऱ्या मुलांना त्यात आपल्यासारखे कोणी दिसत नाही. बदल करायचाच असेल तर तो त्या स्वयंसेवकांशी बोलून, टप्प्याटप्प्याने करावा. अनेक वर्षे काम केलेल्या माणसांना केवळ पत्राने निरोप देणे कोणत्याही संस्थेला शोभत नाही.

तिसरा मार्ग दीर्घ भागीदारीचा. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट 2022 मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या संग्रहालयाच्या नव्या व्याख्येत समुदायांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे हा शब्द आता प्रत्येक अर्जात आणि अहवालात दिसतो. त्याची पारख करण्यासाठी संग्रहालयांतील लोकसहभागावर लिहिणाऱ्या नीना सायमन यांनी केलेली विभागणी उपयोगी पडते: प्रेक्षकांनी संग्रहालयाच्या प्रकल्पात भर घालणे, संग्रहालयाच्या नेतृत्वाखाली त्यांनी सोबत काम करणे, दोघांनी मिळून प्रकल्प उभारणे आणि संग्रहालयाने आपली जागा समूहाच्या हवाली करणे. भिंतीवर चिठ्ठी चिकटवायला लावून त्याला सहनिर्मिती म्हणणाऱ्यांनी या चार पायऱ्या पुन्हा तपासाव्यात. भागीदार समूहाला ‘नाही’ म्हणता येते का आणि त्याच्या म्हणण्याने संग्रहालयाचा एखादा निर्णय बदलतो का, या दोन प्रश्नांवर भागीदारीचा खरेपणा ठरतो. असे नाते जुळायला दोन-तीन वर्षे सहज लागतात, तर अनुदान बहुधा एका वर्षाचे असते. आणि ओळखीचा एक कर्मचारी नोकरी सोडून गेला की सारे पुन्हा शून्यावर येते. म्हणून भागीदारी एकच असावी, आणि तिच्याशी संग्रहालयातील किमान दोन माणसे जोडलेली असावीत.

डिजिटल माध्यमांना मी चौथा पर्याय मानत नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये संग्रहाच्या उत्तम प्रतिमा मुक्तपणे वापरायला दिल्या, ते पाऊल फार मोलाचे होते. परंतु संवादाची रीत आधी ठरलेली नसेल तर पडदे आणि ॲप तिची जागा घेऊ शकत नाहीत.

निवड करण्याआधी विभाग कोणाच्या अखत्यारीत आहे हे पाहणे आवश्यक आहे. प्रसिद्धी विभागाखाली असलेल्या कार्यक्रमांचे मोल तिकिटांवरून ठरते, प्रदर्शनांची आखणी करणाऱ्या क्युरेटरांखाली ते प्रत्येक प्रदर्शनाचे पुरवणी काम होऊन बसतात, आणि स्वतंत्र विभागाला प्रदर्शनाच्या नियोजनात वेळेवर बोलावले जात नाही. नेमणूक स्वीकारतानाच प्रदर्शनाच्या पहिल्या बैठकीत आपल्याला जागा असेल का, हे विचारून घ्यावे.

संग्रहालयाची कायमची दालने साध्या दिवशी ओस पडत असतील आणि हाताशी मोजकी माणसे असतील, तर पहिली दोन वर्षे दालनातील संवादाला आणि एका भागीदारीला द्यावीत, असे माझे मत आहे. संग्रहालय नुकतेच उघडले असेल किंवा दीर्घ दुरुस्तीनंतर पुन्हा उघडत असेल, आणि ते उघडे आहे हेच लोकांना ठाऊक नसेल, तर मात्र सोहळ्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. त्या रात्रीही दोन दालने शांत ठेवावीत, तिथे एकेका चित्रासमोर एक संवादक आणि बारा खुर्च्या असाव्यात, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला पुढच्या सत्राची तारीख तिथल्या तिथे हाती मिळावी.