फिफ्थ व्हीलसाठी पिकअप: २५०० घ्यावा की ३५००?

अमेरिकेत फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचा घरासारखा ट्रेलर, घ्यायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती त्यातल्या ओट्याची आणि पलंगांची. ट्रकचं नंतर बघू, असं म्हणतात. आमचंही तसंच झालं. विक्रेता म्हणाला, "हा १८ हजार पाउंड ओढतो, तुमचा ट्रेलर तर १२ हजारांचाच आहे." ओढतो हे खरं, पण फिफ्थ व्हील नुसता ओढायचा नसतो, पाठीवरही घ्यायचा असतो.

साधा ट्रेलर बंपरखालच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) आपल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार टाकतो. फिफ्थ व्हीलची पिन, म्हणजे जोडणीचा खुंट, हौद्यात, मागच्या एक्सलच्या वर बसते, म्हणून तो वाऱ्यात कमी हेलकावतो. पण त्याचा १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो.

ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील, ते त्या नेमक्या गाडीपुरतं तिथे छापलेलं असतं. आम्ही बघत होतो त्या चार दारी, फोर बाय फोर २५०० (पिकअपचा मधला वर्ग; १५०० त्याहून हलका, ३५०० त्याहून जड) डिझेलवर २,२४० लिहिलं होतं. आमचा हिशेब असा: भरलेल्या ट्रेलरच्या २० टक्के म्हणजे २,४००, हिच १५०, आम्ही चौघं ६००, अवजारं आणि कूलर १५०. झाले ३,३००. हिशेबात ट्रेलरचं रिकामं वजन धरू नका. ५० गॅलन पाणीच ४०० पाउंडांच्या वर जातं.

एफ-१५० किंवा रॅम १५०० या वर्गाचा विचार इथेच सोडा. पेच आहे तो पुढच्या दोन वर्गांत.

२५०० चं भरलेलं कमाल वजन बऱ्याचदा १०,००० पाउंडांच्या आसपासच ठेवलेलं असतं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे त्याच मर्यादेत सामानाला जागा कमी उरते. म्हणून पेट्रोलचा २५०० जास्त भार घेतो आणि १० हजार डॉलरच्या आसपास बचतही होते. मात्र टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, आणि तिथला उतार ७ टक्क्यांचा. अशा उतारावर डिझेलचा एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणारा ब्रेक, गाडी धरून ठेवतो, ब्रेक तापत नाहीत. डोंगरात जाणार असाल तर मी डिझेलच सांगेन.

आणि डिझेलच हवं, तर ३५०० घ्या. मागे दोनच चाकं असलेल्या ३५०० डिझेलचं पेलोड (पाठीवर घेता येणारा भार) साधारण ४,००० पाउंडांपर्यंत जातं. किमतीतला फरक एकूण किमतीपुढे किरकोळ. नोंदणी काही राज्यांत महाग पडते. रॅममध्ये २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग, ३५०० ला पाटे, त्यामुळे रिकामा ३५०० जरा जास्त दणके देतो. मागे चार चाकांची ड्युअली १५-१६ हजारांच्या पुढच्या ट्रेलरसाठी उत्तम, पण रोज ऑफिसला नेऊन पार्किंगच्या रेघांत बसवणं जिकिरीचं.

हौदा शक्यतो ८ फुटी घ्या. आखूड हौद्यात काटकोनात वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेला भिडू शकतो. सरकणारी हिच लावून ते टाळता येतं, पण तिचं वजन पुन्हा त्याच स्टिकरच्या आकड्यातून वजा करावं लागतं.